रिंग रोडची बस आणि चौथ्या वर्षाचा पैसा

नागपूरच्या मेट्रोचा नकाशा काढायला दोन रेघा पुरतात. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही उभी, लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही आडवी, आणि दोन्ही एकमेकींना छेदतात ती जागा सीताबर्डी. अधिकचं चिन्ह झालं. ज्याला बर्डीला जायचंय किंवा बर्डीवरूनच पुढं जायचंय, त्याच्यासाठी ही सोय फार चांगली आहे. मी स्वतः तिचा नियमित प्रवासी आहे आणि मे महिन्याच्या दुपारी त्या गार डब्यात शिरताना दरवेळी बरं वाटतं. पण सकाळी घराबाहेर पडणाऱ्या सगळ्याच नागपूरकरांचं काम बर्डीला नसतं.

मानेवाडा चौकात सकाळी सातच्या आत जाऊन उभं राहा. डबा, पाण्याची बाटली, तोंडाला स्कार्फ, असे पंधरा-वीस जण थांब्याच्या आसपास सावली शोधत उभे असतात. त्यातल्या एका बाईंशी माझं बोलणं झालं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्या पॅकिंगचं काम करतात. घर मानेवाड्याच्या मागे. सरळ रस्त्यानं गेलं तर कारखाना लांब नाही. पण त्यांना आधी शहराच्या मध्यात बर्डीला जावं लागतं, तिथं उतरून हिंगण्याची दुसरी बस किंवा सवारी ऑटो पकडावा लागतो. "एक जरी चुकली तं खाडाच समजा, दादा," त्या म्हणाल्या. खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. त्यांच्या कारखान्यातल्या पुरुषांपैकी बहुतेकांनी हप्त्यावर दुचाकी घेतली आहे. घरात एकच गाडी आणि ती मुलगा नेतो, म्हणून या थांब्यावर.

ज्या चौकात त्या उभ्या असतात, त्याच चौकातून रिंग रोड जातो. एका अंगाला छत्रपती चौक, त्रिमूर्तीनगर करत तो हिंगणा रोडला भिडतो. दुसऱ्या अंगाला म्हाळगीनगर, दिघोरी करत भंडारा रोडकडे वळतो. आणि या रस्त्याची मेट्रोशी चार ठिकाणी गाठ पडते: दक्षिणेला छत्रपती चौक, पश्चिमेला रचना रिंग रोड जंक्शन (स्टेशनच्या नावातच रस्ता आहे), पूर्वेला प्रजापतीनगर, उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौक. बैलगाडीचं चाक पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. आपण आऱ्या बसवल्या, धाव बसवली नाही. धावेशिवाय चाक चालत नाही.

ही धाव जलद बसमार्गाची असावी, असं माझं ठाम मत आहे. बीआरटी म्हणा, बसमार्गिका म्हणा, नावाला महत्त्व नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी रिंग रोडवर १३५ प्रवाशांची विजेवर चालणारी लांब बस आणण्याची कल्पना जाहीरपणे मांडली आहे, त्यामुळे विषय हवेत आहे. मात्र आजवरची चर्चा ऐकली तर ती बसच्या लांबीची, चार्जिंगची, आतल्या खुर्च्यांची आणि तिकिटाच्या यंत्राची आहे. मला एकच गोष्ट विचारायची आहे. चौथ्या वर्षी, जेव्हा बसचं नवेपण गेलेलं असेल, फीत कापणारे दुसऱ्या कामाला लागलेले असतील, तेव्हा त्या बसच्या रोजच्या फेऱ्यांचे पैसे कोण देणार? याचं उत्तर आधी लिहून, बांधून ठेवलं पाहिजे. ते जमणार नसेल तर मार्गिकेचं सिमेंट ओतूच नये.

जलद बसमार्ग म्हणजे काय, हे थोडक्यात. बसला स्वतःची मार्गिका, शक्यतो रस्त्याच्या मधोमध. थांब्यावर चढण्याआधीच तिकीट. फलाट आणि बसची फरशी एका पातळीवर, म्हणजे म्हातारा माणूस किंवा व्हीलचेअर सरळ आत. सिग्नलवर बसला झुकतं माप. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं १९७४ मध्ये याची सुरुवात केली, कोलंबियातल्या बोगोटानं २००० मध्ये तीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. यात लोखंडी रूळ नाहीत, बोगदे नाहीत, खांब नाहीत. त्यामुळे ते स्वस्तात होतं, आणि स्वस्तात मोडूनही टाकता येतं. ही दुसरी गोष्ट आपण विसरतो.

आता वेगाचा हिशोब पाहू, कारण सगळं प्रकरण तिथं दडलेलं आहे. हिंगणा रोडपासून छत्रपती चौक, मानेवाडा, दिघोरी करत प्रजापतीनगरपर्यंतचा रिंग रोडचा दक्षिण भाग घ्या. हिशोबापुरता तो १८ किलोमीटर धरू. जाऊन-येऊन ३६. मोटारी, ऑटो, दुचाक्या, ट्रॅक्टर यांच्या गर्दीत वाट काढत बस ताशी १५ किलोमीटरनं गेली, तर एका फेरीला २ तास २४ मिनिटं लागतात. दर तीन मिनिटांनी एक बस द्यायची असेल तर ४८ बस हव्यात. हाच वेग स्वतंत्र मार्गिकेमुळे ताशी २४ झाला, तर फेरी दीड तासात होते आणि त्याच तीन मिनिटांच्या अंतरानं सेवा द्यायला ३० बस पुरतात. शेवटच्या थांब्यावरची विश्रांती दोन्हीकडे सारखी म्हणून सोडून दिली आहे. अठरा बस वाचल्या. ड्रायव्हरच्या आठ तासांच्या पाळीत तीन फेऱ्या व्हायच्या, तिथं पाच झाल्या. प्रवाशाच्या घरी पोचण्याच्या वेळेचा तर अजून हिशोबच केलेला नाही.

म्हणजे मार्गिका ही नुसती प्रवाशांची सोय नाही. बस चालवण्याचा खर्च ज्याच्या खिशातून जातो त्याचा खिसा ती दर दिवशी वाचवते. महापालिकेनं बससेवेला रोख अनुदान द्यावं की रस्त्याचा साडेतीन मीटरचा पट्टा द्यावा, असा प्रश्न विचारला तर मी आधी पट्टा मागेन. रोख अनुदान दरवर्षी नव्यानं मागावं लागतं. पट्टा एकदा दिला की रोज कामाला येतो.

पण तो एकटा पुरत नाही, आणि इथं माझं अनेक बस-समर्थक मित्रांशी जुळत नाही. त्यांना वाटतं, मार्गिका दिली की बस आपोआप फायद्यात येईल. येणार नाही. गरिबाला परवडेल इतकं तिकीट ठेवायचं आणि रात्री साडेनऊलाही बस सोडायची, तर तूट राहणारच. आणखी एक काल्पनिक पण वाजवी हिशोब करून पाहा. समजा ३० बस रोज प्रत्येकी २०० किलोमीटर धावल्या. वर्षाचे सुमारे २२ लाख किलोमीटर झाले. किलोमीटरमागे खर्च ६५ रुपये धरला तर वर्षाला सव्वाचौदा कोटी. तिकिटातून किलोमीटरमागे ४० रुपये आले तर पावणेनऊ कोटी. उरली तूट साडेपाच कोटींची. दहा वर्षांची ५५ कोटी, महागाई धरून दुप्पट म्हणा, ११० कोटी.

आता हा आकडा एका दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवू. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ८,६८० कोटी रुपयांचा होता आणि लांबी ३८.२ किलोमीटर. किलोमीटरमागे सुमारे २२७ कोटी. म्हणजे रिंग रोडच्या अर्ध्या वर्तुळावर दहा वर्षं या तीस बस चालवण्याची तूट, महागाई धरूनसुद्धा, मेट्रोच्या अर्ध्या किलोमीटरच्या बांधकामाइतकी आहे. माझ्या गृहीतांमध्ये चूक निघाली आणि तूट आणखी दुप्पट झाली, तरी ती एका किलोमीटरच्या आसपासच राहते. हे मी मेट्रोच्या विरोधात लिहीत नाही. मेट्रोला या रिंगची गरज आहे, कारण स्टेशनपर्यंत पोचवणारी बस नसेल तर स्टेशन ओस राहतं. मी एवढंच दाखवतोय की या शहराला परवडत नाही असं जे म्हटलं जातं, ते पैशाअभावी म्हटलं जात नाही.

मग हे पैसे निघत का नाहीत? कारण बांधकामाच्या पैशाला आपल्याकडे मालक आहेत, चालवण्याच्या पैशाला कुणी नाही. पूल, मार्गिका, थांबे यांना मंजुरी मिळते, निविदा निघते, कोनशिला बसते, छायाचित्र येतं. डिझेल, टायर, वीजबिल, कंडक्टरचा पगार यांचं उद्घाटन होत नाही. डिसेंबर २००५ मध्ये केंद्रानं शहरांच्या पायाभूत सोयींसाठी जेएनएनयूआरएम योजना आणली, तेव्हा नागपूरसारख्या दहा लाखांवरच्या शहरांसाठी खर्चाची वाटणी ठरली होती: केंद्र ५० टक्के, राज्य २० टक्के, महापालिका ३० टक्के. देशातले बहुतेक जलद बसमार्ग त्याच पैशातून उभे राहिले. त्या पैशानं मार्गिका दिली, थांबे दिले, पुढं बसही दिल्या. रोजची तूट मात्र शहराच्या माथी राहिली, आणि ती भरायला त्या शहरांकडे वेगळी तरतूद नव्हती.

नागपूरला हे शिकायला बाहेर जाण्याची गरज नाही. एके काळी इथं शहरातली बस एसटी चालवायची. २००७ च्या सुमारास ती महापालिकेकडे आली आणि खासगी कंत्राटदाराच्या हाती गेली. २०१७ मध्ये व्यवस्था पुन्हा बदलून 'आपली बस' आली. दर वेळी रंग बदलला, नाव बदललं, थांब्यावरचे जुने फलक तसेच गंजत राहिले. आणि इथेनॉलवर धावणाऱ्या त्या हिरव्या बस आठवतात? २०१४ मध्ये त्यांची चाचणी झाली तेव्हा देशभर नागपूरचं नाव झालं. गाडी उत्तम होती, तंत्र नवं होतं, प्रवासी खूश होते. २०१८ मध्ये ती सेवा बंद पडली. इंजिन बिघडलं म्हणून नव्हे. महापालिका आणि बस पुरवणारी कंपनी यांच्यातलं पैशाचं गणित जमलं नाही म्हणून. त्या बसमधून रोज कामाला जाणारी माझी शेजारीण पुढच्या महिन्यात दुचाकी शिकली, आणि पुन्हा बसकडे वळली नाही. बंद पडलेली सेवा परत सुरू करता येते, पण गेलेला प्रवासी सहसा परतत नाही.

म्हणूनच १३५ प्रवाशांच्या बसबद्दल ऐकताना मला आनंद होतो आणि लगेच ती हिरवी बस आठवते.

इतर शहरांच्या अनुभवावरून "बीआरटी भारतात चालत नाही" असा निकाल आता सर्रास दिला जातो. त्याकडे जरा सावकाश पाहायला हवं. दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये उखडला गेला. तिथं चौकातल्या सिग्नलचं चक्र लांबलचक झालं, थांबे चौकाच्या तोंडाशी आले, मोटारींच्या रांगा लागल्या, आणि मोटारवाल्यांचा आवाज मोठा होता. तरी ऑक्टोबर २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बसमार्गिका मोटारींना खुली करण्याची मागणी फेटाळली होती. कायद्यात मार्ग जिंकला आणि राजकारणात हरला. भोपाळचा २४ किलोमीटरचा मार्ग २०१३ मध्ये आला, २०२४ मध्ये काढायला घेतला. इंदूरचा साडेअकरा किलोमीटरचा मार्गही २०१३ चाच. तिथल्या बस भरून जायच्या, तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो हटवायला सुरुवात झाली. पुण्यानं तर देशात सर्वांत आधी, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर असा प्रयोग केला. घाईत केला. मार्गिका मध्येच तुटायची, पुन्हा सुरू व्हायची, पादचाऱ्याला थांब्यापर्यंत पोचायला रस्ता नव्हता. नगर रस्त्यावरचा नंतरचा मार्गही २०२३ मध्ये काढला गेला.

या यादीला अहमदाबाद आणि सुरत जोडले की चित्र बदलतं. अहमदाबादचा जनमार्ग ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाला. त्यांनी पहिला टप्पा जुन्या पेठांमधून नेला नाही. आरटीओ ते पिराणा हा १३२ फुटी रिंग रोडचा पट्टा निवडला, जिथं रस्ता रुंद होता आणि कुणाचं दुकान पाडावं लागत नव्हतं. सुरुवातीचे काही आठवडे लोकांना फुकट बसू दिलं, तक्रारी ऐकल्या, सुधारणा केल्या, मग तिकीट लावलं. त्यासाठी वेगळी कंपनी काढली. त्या कंपनीला तूट होते, आणि महापालिका ती भरते. हे वाक्य पुन्हा वाचावं अशी माझी विनंती आहे, कारण तिथल्या यशाचं अर्धं कारण त्यातच आहे. तूट लपवली गेली नाही, तिच्यासाठी दार उघडं ठेवलं गेलं. त्यांच्या मार्गावरही आता मोटारी घुसतात, अपघात होतात, ते काही रामराज्य नाही. पण बस धावते आहे.

आपला रिंग रोड त्या पहिल्या टप्प्यासारखाच आहे. महाल, इतवारी, गांधीबागेतून मार्गिका काढण्याची स्वप्नं पाहू नयेत. तिथल्या गल्ल्यांना छोट्या बस आणि चालायला मोकळा रस्ता पुरे. रिंग रोडच्या बहुतेक लांबीत रुंदी आहे. अडचणीच्या जागा आहेत, उदाहरणार्थ नरेंद्रनगरजवळ रेल्वेमार्ग ओलांडताना. तिथं मार्गिका ओढूनताणून बसवण्याऐवजी बसला पुलाच्या तोंडाशी सिग्नलवर आधी सोडावं, मग इतरांना. दोनशे मीटरसाठी अख्खा मार्ग अडवू नये आणि दोनशे मीटर नाहीत म्हणून अख्खा मार्ग रद्दही करू नये.

आता पैशाची वाट. ती अवघड आहे, पण बंद नाही.

पहिली गोष्ट, केंद्राचं धोरण बदललंय. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत एकूण ५७,६१३ कोटींपैकी २०,००० कोटी केंद्र देणार आहे, १०,००० बससाठी, आणि ही मदत दहा वर्षं बस चालवण्यासाठी आहे. चालवण्याला पैसा मिळणं हा फार मोठा बदल आहे. पुढं २०२४ मध्ये ३,४३५ कोटींची पेमेंट सुरक्षा योजना आली: शहरानं बसमालकाचं बिल थकवलं तर आधी त्या निधीतून पैसे द्यायचे आणि नंतर ते वसूल करायचे. केंद्राला अशी योजना काढावी लागली यातच सगळं आलं. बिल थकतं हे गृहीत धरूनच कंत्राटदार दर लावतात, आणि तो जास्तीचा दर अखेर आपणच भरतो. जे शहर वेळेवर पैसे देतं, त्याला बस स्वस्तात मिळते.

दुसरी, घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर नागपुरात १ टक्का अधिभार आहेच, शहरी वाहतुकीच्या प्रकल्पांच्या नावानं. लोक त्याला मेट्रो सेस म्हणतात. हुडकेश्वरला किंवा बेसाला फ्लॅट घेणारा माणूस तो भरतो आणि त्याच्या घरापासून मेट्रो कित्येक किलोमीटर लांब असते. त्या अधिभाराचा एक ठरलेला हिस्सा बसकडे वळवला तर तो ज्यानं भरला त्याच्याच दारात परत जाईल. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकामाची परवानगी, देऊन त्यावर प्रीमियम घेतला जातो. रिंग रोडच्या कडेलाही जलद बसमार्गामुळे जमिनीची किंमत वाढणारच. वाढलेल्या किमतीतला वाटा बसनं मागणं यात गैर काय? पिंपरी-चिंचवडनं हीच वाट धरून बीआरटी मार्गांलगतच्या वाढीव बांधकामाच्या शुल्कातून वेगळा शहरी वाहतूक निधी उभा केला. वेगळा म्हणजे ज्याला दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या खात्याचा हात लागणार नाही असा. नागपुरात नुसता निधी नको, असा कुलूपबंद निधी हवा, आणि त्याचं विवरण दर तीन महिन्यांनी थांब्यावर चिकटवलेलं हवं.

तिसरी गोष्ट वाटणीची. आपली बस महापालिकेच्या हद्दीबाहेर जाते. हिंगणा, बुटीबोरी, कामठी, कोराडी इथले प्रवासी तिच्यात बसतात. हद्दीबाहेरच्या नियोजनासाठी २०१७ मध्ये एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झालं. मग तुटीचा भार एकट्या महापालिकेनं का सोसायचा? पुण्यातली शहर बस चालवणाऱ्या पीएमपीएमएल कंपनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी तूट ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतली आहे. भांडणं तिथंही होतात, पण वाटा ठरलेला असल्यामुळे भांडण रकमेचं होतं, जबाबदारीचं नाही. इथं धावलेल्या किलोमीटरच्या प्रमाणात महापालिका, एनएमआरडीए आणि एमआयडीसी यांनी वाटा उचलावा. कारखान्याला कामगार वेळेवर मिळतो, त्याचं मोल कारखान्यानं थोडं तरी द्यावं.

हे सगळं कुणी ठरवायचं? मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिकेचा कारभार अनेक वर्षं प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात बसचा प्रश्न सभागृहात मांडायला नगरसेवकच नव्हता. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षांचा शब्द दोन-तीन वर्षांत बदली होणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेता येत नाही. तो सभागृहाच्या ठरावात आणि राज्याच्या हमीत असावा लागतो.

रस्ता कुणाचा, हा वाद होणारच, आणि तो टाळू नये. नागपूर दुचाकीचं शहर आहे. रिंग रोडवर मार्गिका गेली की सर्वांत जास्त नाराज होईल तो दुचाकीस्वार, मोटारवाला नव्हे. त्याला शिव्या देऊन काम होणार नाही. तो हौसेनं उन्हात गाडी हाकत नाही. बसनं त्याला दगा दिला म्हणून तो दुचाकीवर गेला आहे. त्याच्याशी प्रामाणिक बोलायचं तर असं सांगावं लागेल: होय, तुमची एक पट्टी जाईल, आणि पहिले सहा महिने त्रास होईल. पण आजची मोजणीच तुमच्यावर अन्याय करणारी आहे. वाहतुकीच्या सर्वेक्षणात माणसं मोजत नाहीत, वाहनं मोजतात. साधारणपणे एक बस म्हणजे तीन मोटारींएवढा अडथळा असं धरलं जातं. त्या बसमध्ये पन्नास माणसं आणि तीन मोटारींत मिळून चार-पाच, हे त्या तक्त्यात कुठंच दिसत नाही. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानं रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटा असं सांगितलं. इतकी वर्षं झाली, आपल्या चौकातले सर्वेक्षण करणारे अजून चाकंच मोजतात. रिंग रोडच्या प्रत्येक चौकात एकदा डोकी मोजा आणि तो तक्ता जाहीर करा. मार्गिका हवी की नको हे मग दुचाकीवाल्यालाच ठरवू द्या.

उन्हाबद्दल एक, कारण आराखडे करणारे सल्लागार बहुतेक वेळा डिसेंबरात येतात. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. तसल्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली दहा मिनिटं उभं राहणं म्हणजे शिक्षा. मधोमध थांबा म्हणजे प्रवाशाला तापलेल्या सिमेंटचे दोन-तीन पट्टे ओलांडून जावं लागणार. तिथं सिग्नल हवा, उंचवटा असलेलं ओलांडणं हवं, सावली हवी, पिण्याचं पाणी हवं. पादचारी पूल मुळीच नको. गुडघे दुखणारी बाई सत्तर पायऱ्या चढून बसला जात नाही, ती ऑटो करते. हे खर्च कमी आहेत, पण डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, सर्वांत आधी हेच कापले जातात. माझं म्हणणं, बसच्या खुर्च्या साध्या ठेवा, टीव्हीचे पडदे काढा, पण सावलीत काटकसर करू नका.

सुरुवात कशी करावी? सिमेंट न ओतता. पावसाळा संपला की छत्रपती चौक ते दिघोरी एवढ्याच भागात प्लास्टिकचे अडथळे लावून मार्गिका आखावी आणि आहेत त्याच बस हिंगण्यापर्यंत सरळ, बर्डीला न जाता, दर सात-आठ मिनिटांनी सहा महिने सोडाव्यात. सहा महिने कारण दोन महिन्यांत लोक सवय बदलत नाहीत, आणि ज्या सेवेवर विश्वास नाही तिच्या भरवशावर कुणी दुचाकी विकत नाही. त्या सहा महिन्यांत महापालिकेच्या अर्थसंकल्पात एक नवं शीर्ष उघडावं: रिंग रोड बससेवा, चालवण्याची तूट, दहा वर्षं. पहिल्या वर्षाची रक्कम त्यात प्रत्यक्ष जमा झालेली दिसली, राज्याची हमी हाती आली, की मग मोठ्या बसची आणि फलाटांची निविदा काढावी. क्रम असाच. उलटा केला तर आपल्याकडे आणखी एक सुंदर बस येईल आणि आणखी एकदा जाईल.

त्या पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या बाईंना मी हे सगळं थोडक्यात सांगून पाहिलं होतं. रिंग रोडनं सरळ बस, लांब, गार, मानेवाड्यातून चढायचं ते हिंगण्याला उतरायचं. त्यांनी भाडं विचारलं नाही, एसी आहे का विचारलं नाही. डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "रोज येईन ना पण? दोन महिने येईन अन् बंद पडन, तसं नको." मी काही बोलायच्या आत सव्वासातची बस दिसली. बर्डीची. त्या धावत गेल्या.